पेकिंगीज श्वान : प्राचीनता की अलिप्तता?

पाळीव प्राण्यांच्या जातींविषयी लिहिताना ‘प्राचीन’ हे विशेषण फार सैलपणे योजले जाते. आखूड पायांची व चपट्या नाकाची पेकिंगीज ही श्वानजाती याचे बोलके उदाहरण होय. चिनी राजप्रासादात वाढलेली ही जात १८६० पूर्वी युरोपास जवळजवळ अपरिचित होती. ती दोन हजार वर्षांची असल्याचे सर्रास सांगण्यात येते. या विधानास आधार कितपत आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

लिखित पुराव्यांत तांग राजवंशाच्या इतिवृत्तातील एक नोंद महत्त्वाची आहे. इ. स. ६२४ मध्ये मध्य आशियातील गाओचांगच्या राजाने तांग सम्राटास लहान कुत्र्यांची एक जोडी नजर केली. ती बुद्धिमान असून घोड्याचा लगाम धरून त्यास नेत, तोंडात मेणबत्ती धरीत, आणि मूळची फूलिनची, म्हणजे बायझंटाइन प्रदेशाची होती, असे ती नोंद सांगते. दरबारात लहान कुत्री होती, एवढेच यावरून सिद्ध होते. तीच पेकिंगीजचे पूर्वज होती, असे मात्र म्हणता येत नाही. वर्णन म्हणजे वंशावळ नव्हे.

ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज व फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळील युआनमिंगयुआन हा उन्हाळी प्रासाद लुटला. पुढे लॉर्ड एल्गिनच्या आज्ञेने तो जाळण्यात आला. या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. प्रासादातील काही कुत्री इंग्लंडला गेली. त्यांपैकी एक कॅप्टन डन याने १८६१ मध्ये व्हिक्टोरिया राणीस अर्पण केली. तिचे नाव ‘लूटी’ ठेवण्यात आले. इंग्रजीने हिंदीतून घेतलेला ‘लूट’ हा शब्द मराठी वाचकास सांगावयास नको. त्या कुत्रीचे नाव हाच तिच्या आगमनाचा दाखला ठरला. ती १८७२ मध्ये मरण पावली.

२००४ मध्ये ८५ जातींच्या ४१४ कुत्र्यांच्या जनुकीय परीक्षणात पेकिंगीज ही मूळ शाखांजवळच्या गटात आढळली. हा प्राचीनतेचा निर्णायक पुरावा मानला गेला. परंतु २०१२ मधील एका व्यापक अभ्यासाने या निष्कर्षाचा वेगळा अर्थ लावला. अशा जातींचे वेगळेपण त्यांच्या वयामुळे नसून, अलीकडच्या संकरापासून त्या दूर राहिल्यामुळे आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. येणेप्रमाणे जनुकांनी जे जपले, ते काळापेक्षा अलिप्ततेचे चिन्ह होय.

ही अलिप्तता प्रथम प्रासादाच्या भिंतींनी आणि नंतर पाश्चात्त्य संस्थांच्या बंदिस्त वंशनोंदवह्यांनी राखली. तिचे मोल त्या प्राण्यास द्यावे लागले. चपट्या चेहऱ्यामुळे श्वसनाचे विकार बळावले, आणि २००८ मध्ये ब्रिटिश केनेल क्लबला या जातीचा आदर्श बदलून नाकाडास थोडी लांबी मान्य करावी लागली. जातीची शुद्धता ही निसर्गाची देणगी नसून मनुष्याने घातलेले कुंपण आहे, हे ध्यानी घेतल्यास ‘प्राचीन’ हे विशेषण योजताना अभ्यासक अधिक सावध राहील.