एअरबॅगचा दिवा विझत नाही तेव्हा

पिकअपची चावी फिरवली की डॅशबोर्डवर बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे फुगलेली एअरबॅग असे चिन्ह पेटते आणि साधारण सहा सेकंदांत विझते. तेवढ्या वेळात एअरबॅगचे मोड्यूल सेन्सर, वायरिंग, एअरबॅगा आणि सीटबेल्ट आवळणारे प्रिटेन्शनर तपासून घेते. दिवा लागूनच राहिला, तर कुठल्या तरी सर्किटमध्ये बिघाड आहे आणि धडकेच्या क्षणी एअरबॅग न उघडण्याची शक्यता आहे. गाडी मात्र नेहमीसारखीच पळते. म्हणूनच या दिव्याकडे महिनोन्महिने कुणी बघत नाही.

बिघाडाचा कोड मोड्यूलमध्ये नोंदलेला असतो. स्वस्तातले कोड रीडर बहुधा इंजिनाचे, ‘पी’ने सुरू होणारे कोडच वाचतात; एअरबॅगचे कोड सहसा ‘बी’ने सुरू होतात आणि त्यासाठी एअरबॅगची यंत्रणा वाचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसल्यावर दिवा पुन्हा लागला, तर दोष जागच्या जागी आहे. बॅटरी उतरलेली असेल तर आधी तिचे व्होल्टेज पाहावे. तेवढ्यानेही दिवा लागू शकतो.

त्यानंतर पाहायची जागा म्हणजे सीटखालची. पिकअपमध्ये तिथे जॅक, पाने, दोरखंड असे काय काय कोंबलेले असते. सीट पुढेमागे सरकताना पिवळ्या वेष्टनातल्या वायरी ताणल्या जातात, कनेक्टर ढिले होतात. चिखलाच्या बुटांबरोबर आत आलेल्या पाण्याने पिनांवर हिरवट गंज चढतो, कधी उंदीर वायर कुरतडतात. पुढच्या बंपरमागचे सेन्सरही खडी आणि चिखलाचा मारा खात असतात.

हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणेही अधूनमधून बंद पडत असतील, तर संशय क्लॉक स्प्रिंगवर घ्यावा. स्टिअरिंगखालची ही चपट्या वायरीची गुंडाळी चाकाबरोबर गुंडाळली-उलगडली जाते. स्टिअरिंग काढून बसवताना ती मध्यावर ठेवली नाही, तर तुटते.

हात घालण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितला असेल तेवढा वेळ थांबावे, कारण मोड्यूलमध्ये वीज साठलेली असते. एअरबॅगला मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. तिच्या प्रज्वलकाला थोडासा प्रवाह पुरतो आणि एअरबॅग सेकंदाच्या अगदी लहानशा अंशात फुगते. जाणकार मेकॅनिक एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर तात्पुरता जोडतो. कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये किंवा मोड्यूलमध्ये.

हाच रेझिस्टर कायमचा ठेवून किंवा दिवाच काढून गाडी विकणे ही शुद्ध फसवणूक आहे. जुनी पिकअप घेताना चावी फिरवल्यावर दिवा पेटून विझतो ना, हे पाहावेच. अजिबात न पेटणे हाही बिघाडच.

शिवाय दिव्याला एअरबॅगमधल्या रसायनाची अवस्था कळत नाही. जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत फोर्डने २००६ सालच्या काही रेंजर पिकअप चालवूच नका, असे मालकांना कळवले. त्यांतल्या टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरचा, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाचा, स्फोट होऊन धातूचे तुकडे उडत होते. म्हणून दिवा विझलेला असला तरी चासी नंबर देऊन रिकॉलची चौकशी एकदा जरूर करावी.