खिचडी, डोस आणि बडबडगीत: एकाच अंगणात

परभणीहून गंगाखेडच्या रस्त्याला लागलं की वाटेत पोखर्णी येतं. नृसिंहाचं पोखर्णी. इथला देव एका लेकरासाठी खांब फोडून बाहेर आला, ही कथा इथल्या माणसाला सांगावी लागत नाही. पण त्या कथेची सुरुवात मला जास्त थक्क करते. कयाधू गरोदर असताना नारदाच्या आश्रमात राहिली. तिथं नारद जे सांगत होते ते तिच्या पोटातल्या प्रल्हादाने ऐकलं आणि मनात धरलं. म्हणजे प्रल्हादाचं शिक्षण जन्माच्या आधीच सुरू झालं होतं!

कथा बाजूला ठेवली तरी, 1980 मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी तीन दिवसांचीही न झालेली बाळं तपासली. त्यांच्या तोंडात चोखणी दिली आणि कानाशी आवाज लावले. चोखण्याची लय बदलली की आवाज बदलत असे. बाळांनी परक्या बाईपेक्षा आपल्या आईचा आवाज अधिक वेळा लागेल अशी लय धरली. तो आवाज त्यांच्या ओळखीचा झाला होता तो पोटातच.

म्हणून गावातली अंगणवाडी गरोदर बाईपासून सुरू होते, याचं मला फार अप्रूप वाटतं. आपण तिला ‘खिचडीची शाळा’ म्हणून मोकळे होतो. प्रत्यक्षात त्या एका खोलीत सहा कामं एकमेकांत विणलेली असतात: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरजेप्रमाणे दवाखान्यात पाठवणं, आयांना आहार-आरोग्याचं शिक्षण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शाळेआधीचं शिक्षण. ही सगळी कामं एकाच खात्याची नाहीत. सेविका आणि मदतनीस महिला व बालविकास विभागाच्या. डोस द्यायला येणारी नर्सबाई आरोग्य विभागाची, घरोघर निरोप देणारी आशाताईही त्याच बाजूची. खोली, पाणी, संडास यांत ग्रामपंचायतीचा हात. गरम खिचडी किंवा उसळ पुष्कळ गावांत बचत गटाच्या बाया रांधतात. इतके धागे, पण लेकरू एकच. त्या धाग्यांची गाठ मारते ती सेविका, गावातलीच एक बाई, मानधनावर काम करणारी. कुणाची सून माहेरी बाळंतीण आहे, कुणाचं पोर आठ दिवस जेवत नाही, हे तिला ठाऊक असतं. कार्यालयात बसून ते कळायचं नाही. तिच्या कामाला आपण अजून पुरेसा मान आणि पुरेसा मोबदला दिलेला नाही, हे मला मनापासून टोचतं.

पण खाणं आणि शिकणं एका छपराखाली का? याचं उत्तर डोक्याच्या कवटीत आहे. पाच वर्षांच्या आसपासचं मूल नुसतं शांत पडून असतं तेव्हा त्याचं शरीर जी ऊर्जा खर्च करतं, तिच्यातली जवळजवळ दोन तृतीयांश एकटा मेंदू घेतो. त्या वयात शरीराची वाढ मंदावते ती जणू मेंदूला वाट करून देण्यासाठी. गोल करून ‘ये रे ये रे’ म्हणत टाळ्या वाजवणारी पोरं पाहिली की मला ताटातली खिचडी आणि ते गाणं वेगळं काढताच येत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलासाठी रोज 500 कॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिनं, हे बरीच वर्षं अंगणवाडीच्या आहाराचं प्रमाण होतं. हा आहार शिकण्याचं इंधनही आहे.

आणि ती दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी! सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत मूल उंचीने केवढं वाढतं, वजनाने किती बदलतं. दंडाचा घेर मात्र पहिल्या वाढदिवसापासून पाचव्यापर्यंत फार थोडा बदलतो, कारण बाळसं उतरतं तसा स्नायू भरत जातो. म्हणून या साऱ्या वयांना एकच खूण पुरते: घेर 11.5 सेंटीमीटरच्या खाली गेला, पट्टीवर लाल रंग आला, की लेकरू तीव्र कुपोषित. वय नेमकं माहीत नसलं तरी चालतं. हातभर पट्टीत केवढी विद्या बसवली आहे!

‘अंगणवाडी’ हा शब्दही आपल्याच मातीतला. 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं केलं. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच उचलली आणि त्या वस्तीतल्या अंगणात नेली. तिथंच मुलांना आंघोळी घातल्या, नखं कापली, गाणी म्हटली. माँटेसरी शिक्षणपद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पानं, माती वापरली. लेकरू येत नसेल तर आपण त्याच्या दारी जायचं, हा विचार तिथं अंगणात रुजला.

त्याच 1945 मध्ये, दुसरं महायुद्ध संपता संपता, इटलीतल्या रेज्जो एमिलियाजवळ व्हिला चेल्ला नावाच्या खेड्यातले लोक पळालेल्या जर्मन सैन्याने मागे टाकलेला रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून आपल्या लहानग्यांसाठी शाळा बांधू लागले. हे ऐकून लोरिस मालागुत्सी हा तरुण शिक्षक सायकल मारत तिथं पोचला. बोर्डीला व्हिला चेल्लाची खबर नव्हती, व्हिला चेल्लाला बोर्डीची नव्हती. दोन्हीकडे आरंभ गावातल्या माणसांच्या मधोमध झाला.

2 ऑक्टोबर 1975 ला देशात अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांनी सुरू झाली. महाराष्ट्रातला पहिला प्रकल्प मेळघाटातल्या धारणीचा. पुढे 7 ऑक्टोबर 2004 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नकोत, बचत गट, महिला मंडळं आणि गावकऱ्यांना काम द्या. मराठवाड्याचाही यात वाटा आहे. 2002 च्या सुमारास औरंगाबाद विभागात आरोग्य आणि अंगणवाडी या दोन यंत्रणांनी एकत्र येऊन मुलांची वजनं घ्यायला सुरुवात केली. त्या अनुभवातूनच 2005 मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन उभं राहिलं, तेही औरंगाबादेत. 2022 मध्ये राज्यात ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारीचे मेळावे झाले आणि गल्लीगल्लीत माता गट बसू लागले. पहिलीत जाणाऱ्या पोरांच्या आया एकमेकींच्या ओट्यावर बसून त्यांना डाळ-तांदूळ वेगळे करायला लावतात, वाट्या मोजायला लावतात. निवडणं आणि मोजणं, गणिताआधीचं गणित हेच.

पण गंगाखेडच्या बाजूला दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं ऊसतोडीला, कोयत्यावर निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, म्हातारा बैल आणि सामानावर बसलेलं तीन वर्षांचं लेकरू. गावातल्या अंगणवाडीतली त्याची जागा पाच-सहा महिने रिकामी राहते. वजन, राहिलेला डोस, शिकलेली गाणी, सगळं त्याच्यासोबत जायला हवं, म्हणजे फडाशेजारच्या गावातल्या अनोळखी सेविकेने त्याच्या दंडाला पट्टी लावली की तिला कळावं, हे पोर कुठवर आलं होतं.