जॅकेटमधलं वजन
संवेदनांचं घर : लेखांक ६

वीस किलोच्या मुलाला एक किलोचं जॅकेट. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे पालकांच्या बोलण्यातल्या ‘ओटी मॅडम’, साधारण असाच हिशेब सांगतात: मुलाच्या वजनाच्या पाच टक्के, फार तर दहा. हा आकडा पक्क्या प्रयोगातून निघालेला नाही, वापरातून रुळलेला आहे. दुसरीकडे, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावं असं केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं. एकीकडे पाठीवरचं ओझं उतरवायचं आणि दुसरीकडे मुद्दाम चढवायचं, ते का? (आणि दप्तर व जॅकेट दोन्ही एकदम तर नकोच.)

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं, कारण स्नायू आणि सांधे मेंदूला सतत खबर देत असतात. काही मुलांना ही खबर पुरेशी मिळत नाही, असा विचार अमेरिकन थेरपिस्ट जीन एयर्स यांनी मांडला. १९७२ च्या त्यांच्या पुस्तकावर आजची बरीचशी सेन्सरी थेरपी उभी आहे. मूल उड्या मारतं, सोफ्यावर आदळतं, आईला घट्ट आवळतं, ते ही भूक भागवायला. मग खांद्यावर थोडं वजन ठेवलं, किंवा छातीपोटाभोवती ताणाच्या कापडाचं घट्ट जॅकेट घातलं, तर शरीर आपसूक शांत होईल, अशी ही कल्पना.

तिचं सर्वांत गाजलेलं उदाहरण स्वमग्न असलेल्या अमेरिकन शास्त्रज्ञ टेंपल ग्रँडिन यांचं. ॲरिझोनातल्या मावशीच्या रँचवर गुरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा पिंजरा त्यांनी पाहिला आणि पुढे अठराव्या वर्षी स्वतःसाठी तसं यंत्र बनवलं. ही गोष्ट सांगताना एक तपशील हमखास सुटतो: दाब किती आणि किती वेळ, हे ठरवणारा दांडा ग्रँडिन यांच्या स्वतःच्या हातात होता. आपल्याकडे जॅकेट घालतो मोठा माणूस, काढतोही तोच.

पुरावा काय म्हणतो? २००१ साली अमेरिकेत बालवाडीच्या वयाच्या पाच मुलांवर झालेल्या छोट्या अभ्यासात जॅकेट अंगावर असताना लक्ष वाढलेलं दिसलं. मात्र २००९ मध्ये दोन ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी तोवरचे सगळे प्रयोग एकत्र तपासले आणि वजनी जॅकेटची शिफारस करावी इतका आधार नाही, असा निष्कर्ष काढला. २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये ६७ स्वमग्न मुलांना जड पांघरुणं देऊन पाहिली. झोप वाढली नाही. पण मुलांना आणि आईवडिलांना तीच पांघरुणं जास्त आवडली. मला हा निकाल फार बोलका वाटतो. आवडणं आणि उपयोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आवडणंही अगदीच फुकट जात नाही.

म्हणून माझं मत असं: जॅकेटला औषध समजू नका, तुमच्या एका मुलावरचा प्रयोग समजा. एकच गोष्ट निवडा, उदाहरणार्थ जेवायला किती मिनिटं बसतो. काही दिवस वजनाच्या पिशव्या घालून, काही दिवस त्याच जॅकेटातून पिशव्या काढून. नोंद ठेवणाऱ्याला आज कोणता दिवस आहे हे सांगू नका. दोन आठवड्यांत फरक दिसला नाही तर जॅकेट कपाटात जाऊ द्या, कितीही महाग पडलेलं असो.

शिंप्याकडून खिसे शिवून घ्यायला हरकत नाही. फक्त त्यांत वजनासाठी भरलेली वाळू गळते आणि तांदळाला किडे होतात. सलग घालू नये, शरीराला दाबाची सवय होते. बहुतेक थेरपिस्ट पंधरा-वीस मिनिटांनी काढायला सांगतात. एप्रिल-मेच्या पुण्यात, बंद व्हॅनमध्ये, तर नाहीच. दमा, फिट्स, हृदयाचा किंवा पाठीच्या कण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. झोपताना कधीही नको. २००८ मध्ये क्यूबेकमधल्या एका शाळेत जड पांघरुणात गुंडाळलेला नऊ वर्षांचा मुलगा दगावला होता. म्हणूनच स्वतःला काढता येणार नाही असं काहीही मुलाच्या अंगावर नको, आणि वर्गात गप्प बसवायला तर मुळीच नको.

जॅकेट घ्यायच्या आधी मात्र ओटींना एक प्रश्न विचारा: हाच दाब कामातून मिळेल का? त्यांच्या विद्येचा पायाच तो आहे. ती भारतात रुजवली कमला निंबकर यांनी. जन्माने अमेरिकन असलेल्या, लग्नाने मराठी झालेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची देशातली पहिली शाळा सुरू केली. फलटणच्या कमला निंबकर बालभवनाला त्यांचंच नाव आहे. हाताला काम देऊन माणूस सावरायचा, ही त्या उपचाराची मूळ रीत. कणीक मळणं, अर्धी बादली उचलून झाडांना पाणी घालणं, भाजीची पिशवी जिन्यावरून वर आणणं, ओली चादर पिळणं, गाद्या ओढून रचणं: यातही स्नायूंना आणि सांध्यांना तोच भार मिळतो. शिवाय थांबायचं कधी, हे मूल स्वतः ठरवतं.

पुढच्या आठवड्यात आवाजाबद्दल: ढोल-ताशांच्या दिवसांत लक्ष्मी रस्त्याजवळ राहणाऱ्या घरांनी काय करावं?