चिंगीचे केस आणि गरम पाणी

आजचा एपिसोड छोटा आहे. कोडिंग नाही, गॅजेट नाही. आज बाहुलीचे केस. हसू नका, ऐका.

दिवाळीत गावचा माळा आवरताना माझी चिंगी सापडली. जत्रेतली बाहुली, एक डोळा कायमचा मिटलेला. डाव्या बाजूला आजीने घातलेली वेणी जशीच्या तशी, उजवीकडे नुसती घासणी. ती उजवी बाजू म्हणजे माझं कर्तृत्व. लहानपणी तिकडची वेणी सोडून मी कंगव्याने ओढ ओढ ओढली होती. पुढची बट तर कापलीच, आणि वाढेल म्हणून पंधरा दिवस वाट बघितली!

बाहुलीचं डोकं पोकळ, मऊ व्हिनाइलचं असतं. केसांचे झुपके मशीनच्या सुईने त्यात ओळीने शिवतात. म्हणून बट कापली की मधली भोकं दिसायला लागतात. १९५९ च्या पहिल्या बार्बीचे केस सॅरनचे होते. अन्न गुंडाळायची पारदर्शक फिल्मही एकेकाळी याच जातीच्या प्लास्टिकची असायची. नायलॉनचेही केस असतात, आणि स्वस्त बाहुल्यांना पॉलिप्रॉपिलीन.

आपला केस तुटला तर नवा येतो, टाळूतून तेलही सुटतं. प्लास्टिकच्या धाग्याला यातलं काही नाही. ताणला की ताणलेलाच, मुरडला की मुरडलेलाच. आणि खोबरेल तेल! आपल्या केसांत ते थोडं मुरतं. चिंगीच्या केसांवर ते नुसतं बसून राहिलं नि धूळ धरत गेलं. दर रविवारी आजी माझ्यानंतर तिलाही तेल लावायची ना.

उपाय सोपा आहे. भांड्याच्या साबणाने तेल काढा, मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर विंचरत या. मग गरम पाणी. उष्णतेने धाग्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या सैल होतात. सरळ विंचरून लगेच गार पाण्यात धरलं की तशाच आवळतात. उकळतं पाणी नको, काही धागे आकसतात. आधी मानेमागच्या एका बटेवर करून बघा. आणि स्ट्रेटनर तर अजिबात नाही, वितळतील.

उजवी बाजू बरीच सुधारली. मग डावी वेणी सोडली. वीसेक वर्षं एकाच आकारात राहून धागे तसेच वळले होते. वेणी सुटली, पण आजीच्या तीन पेडांचे वळसे केसांत स्पष्ट दिसत होते. आजी जाऊन आता सहा वर्षं झाली. गरम पाण्याने तेही सरळ झाले असते.

मी किटली बंद केली. तेल तेवढं ओल्या फडक्याने हलकेच पुसलं.

चिंगी सध्या माझ्या मॉनिटरशेजारी बसलीये, अर्धी सरळ, अर्धी वळणदार. तुमच्या माळ्यावर कोण आहे? फोटो पाठवा.