खेळाडू मुलींचे दंतारोग्य : एक दुर्लक्षित बाजू

पहाटे मैदानावर धावणाऱ्या मुलींकडे पाहताना आपले लक्ष त्यांच्या पायांकडे आणि दमाकडे जाते. दातांकडे कोणाचेच जात नाही. सातारा जिल्ह्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. जानेवारी २०२५ मध्ये प्रियंका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे नमवून पहिला खो-खो विश्वचषक जिंकला. खेळ हा आपल्याही मुलींचा व्यवसाय होऊ शकतो, हा विश्वास आज वाशीमसारख्या जिल्ह्यातील पालकांनाही वाटू लागला आहे. म्हणूनच या विषयाची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये क्रीडानगरीतील दंतचिकित्सालयात आलेल्या २७८ खेळाडूंची पाहणी झाली. त्यांपैकी ५५ टक्क्यांचे दात किडलेले होते, तर ७६ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. आपल्या सरावावर वा कामगिरीवर याचा परिणाम झाल्याचे १८ टक्क्यांनी सांगितले. जगातील उत्तम प्रशिक्षण लाभलेल्यांची ही स्थिती होती, हे ध्यानात घ्यावे.

असे का होते? लाळ ही दातांची नैसर्गिक राखणदार आहे. ती तोंडातील आम्ल सौम्य करते. दीर्घ सरावात खेळाडू तोंडाने श्वास घेते, घामावाटे पाणी जाते आणि तोंड कोरडे पडते. त्याच वेळी ती ग्लुकोज, लिंबू-साखरेचे सरबत किंवा बाटलीबंद पेय घोटघोट पिते. तोंडातील सामू साधारणतः ५.५ च्या खाली गेला, की दाताचे वरचे कठीण आवरण विरघळू लागते. पेय किती प्यायले यापेक्षा ते किती वेळा तोंडात आले, हे येथे अधिक महत्त्वाचे ठरते.

स्त्रीदेहाच्या काही अवस्थाही यात भर घालतात. वयात येताना, पाळीच्या आधी आणि गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलामुळे हिरड्या थोड्याशा मळानेही सुजतात व रक्ताळतात. त्या काळात घासणे थांबवणे हा उपाय नव्हे. उलट मऊ ब्रशने स्वच्छता अधिक काळजीपूर्वक करावी. कठोर सराव आणि अपुरा आहार यांमुळे ज्या मुलीची पाळी थांबते, तिची हाडे ठिसूळ होण्याचा धोका असतो. रक्तक्षय असल्यास जीभ हुळहुळते, ओठांचे कोपरे फाटतात. ही लक्षणे दिसताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खर्रा, गुटखा आणि तंबाखूचे मंजन यांपासून तर दूरच राहावे. तंबाखूमुळे हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे आतला रोग झाकला जातो आणि उशिरा कळतो.

कबड्डी व हॉकीत दातांना मार लागण्याची भीती असते. त्यासाठी माउथगार्ड वापरावे. पक्का दात मुळासकट निखळला, तर मुळाला हात न लावता तो वरच्या भागाने धरावा, मळला असल्यास दुधाने वा स्वच्छ पाण्याने क्षणभर धुवावा आणि शक्य असल्यास लगेच जागेवर बसवावा. ते न जमल्यास दुधात ठेवून तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचावे. जितका उशीर, तितकी तो दात जगण्याची आशा कमी. दुधाचे दात मात्र परत बसवू नयेत.

रोजची शिस्त साधी आहे. दिवसातून दोनदा फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दोन मिनिटे दात घासावेत. गोड वा आंबट पेयानंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्धा तास ब्रश लावू नये, कारण आम्लाने मऊ पडलेले आवरण घासण्याने झिजते. तहानेसाठी प्रथम पाणीच प्यावे. वर्षातून एकदा तरी तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची जी तपासणी होते, तीत दंतविकारांचाही समावेश आहे.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले, असे विनयपिटकात नमूद आहे. मुखाची दुर्गंधी जाणे आणि अन्न रुचकर लागणे हे त्यांपैकी दोन. देहाची काळजी ही चैन नसून साधनेचा भाग आहे, हाच त्याचा आशय आम्ही मानतो.

वसतिगृहातील मुलगी दाढ दुखते म्हणून सहसा तक्रार करीत नाही. एका बाजूने चावते, कमी जेवते आणि सरावात मागे पडते. आपण तिला आळशी ठरवून मोकळे होतो. पालकांनी सुटीत घरी आलेल्या लेकीला गुणांबरोबर दातांविषयीही विचारावे. वैद्यकीय सेवेत असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी वर्षातील एक दिवस शाळेतील तपासणीस द्यावा. एखादीची वाट केवळ दुखऱ्या दाढेपायी अडू नये, एवढीच आमची मंगलकामना.