खांद्याला सोसेल अशी रायफल

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की बंदुकीच्या दुकानात एक गिऱ्हाईक हमखास येतं. त्याला बारा-तेरा वर्षांच्या मुलीसाठी रायफल हवी असते, किंवा बायकोसाठी, किंवा खांद्याचं ऑपरेशन झालेल्या वडिलांसाठी. मागणी साधीच असते: हरीण स्वच्छ पडावं आणि चालवणाऱ्याचा खांदा शाबूत राहावा. दुकानदार फारसा विचार न करता दोन-तीन काडतुसांची नावं घेतो. हे उत्तर इतकं सोपं व्हायला सव्वाशे वर्षं लागली. गंमत म्हणजे ते पहिल्याच दशकात हाताशी आलं होतं, फक्त त्यावर विश्वास बसायचा बाकी होता.

त्याआधी काळ्या दारूचं राज्य होतं. या दारूने गोळीला वेग देऊन देऊन किती देणार? मारा वाढवायचा तर गोळीच जाड आणि जड करावी लागे. १८७३ सालचं .४५-७० हे काडतूस ४०५ ग्रेनची, म्हणजे जवळपास २६ ग्रॅमची शिशाची गोळी फेकायचं. बिनधुराच्या दारूने हा हिशेबच बदलला. आता बारीक, लांबट गोळी पूर्वी कधी नव्हता एवढ्या वेगाने जाऊ लागली. जर्मनीत माउझरचं ७×५७ हे काडतूस १८९२ मध्ये तयार झालं, स्वीडन-नॉर्वेच्या लष्करासाठी १८९४ मध्ये ६.५×५५ आलं आणि १८९५ मध्ये अमेरिकेत विंचेस्टरने .३०-३० बाजारात आणलं. पहिली दोन सैनिकांसाठी होती, तिसरं थेट शिकाऱ्यांसाठी. जॉन ब्राउनिंगच्या १८९४ च्या लिव्हरवाल्या रायफलीत ‘थर्टी-थर्टी’ असं काही बसलं की पुढे या रायफलीचे सत्तर लाखांहून अधिक नग निघाले. झाडीत, शंभर-दीडशे यार्डांच्या आत, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती पुरून उरे आणि खांद्याला फारशी जाणवत नसे.

माउझरच्या काडतुसाने तर भल्याभल्यांना खोटं पाडलं. आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक या ७ मिलिमीटरच्या गोळीने. आपल्याकडे हेच काडतूस .२७५ रिग्बी या नावाने आलं. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती रायफल हीच. स्वीडन आणि नॉर्वेत लोक पिढ्यान्‌पिढ्या ६.५×५५ ने चारशे-पाचशे किलोची मूस नावाची अजस्र हरणं मारत आले. लांबट गोळी सरळ खोल जाते आणि नेम बरोबर असेल तर खोल जाणंच महत्त्वाचं असतं, हे तिथल्या शिकाऱ्यांना कोणी वेगळं शिकवावं लागलं नाही.

अमेरिकेने धडा घेतला तो मात्र दुसराच. १८९८ च्या क्यूबाच्या लढाईत स्पॅनिश सैनिकांच्या हातातल्या ७ मिलिमीटरच्या माउझरांनी अमेरिकन फौजेला चांगलंच सतावलं. त्यातून नवी रायफल आली आणि १९०६ मध्ये .३०-०६ हे दणकट काडतूस. दोन महायुद्धांत लाखो तरुण त्यावर नेमबाजी शिकले आणि घरी आल्यावर हरणाच्या मागेही तेच घेऊन गेले. ‘थर्टी-ऑट-सिक्स’ हे पुरुषी मोजमाप ठरलं. त्याहून हलकं काही मागणारा म्हणजे कच्चा लिंबू.

या मोजमापाची किंमत आकड्यांत सांगता येते. गोळी आणि जळालेली दारू जेवढा जोर घेऊन पुढे जातात तेवढाच रायफलीला मागे मिळतो. रायफल दुर्बिणीसकट आठ पौंडांची धरली, तर .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी सुमारे २० ते २२ फूट-पौंडांचा धक्का देते. त्याहून बारीक .२४३ काडतुसात १०० ग्रेनची गोळी असेल तर तो ९ ते १० वर येतो आणि त्याहून जोरदार .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये २८-३० वर जातो. मॅग्नमच्या धक्क्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गोळीचा नसतोच, तो सत्तर-एक ग्रेन दारूच्या वायूंचा असतो. रायफलीचं वजन कमी झालं की धक्का त्याच प्रमाणात वाढतो. डोंगरात मिरवायला घेतलेली सहा पौंडांची .३०-०६ खांद्याला आठ पौंडांच्या मॅग्नमइतकीच लागते. हलकी रायफल म्हणजे सोसणारी रायफल, हा पहिल्यांदाच बंदूक घेणाऱ्यांचा ठरलेला गैरसमज.

धक्क्याने खांदा दुखतो हे खरं, पण खरं नुकसान नेमाचं होतं. नेमबाजी शिकवणारे यासाठी एक साधी युक्ती करतात. शिकणाऱ्याने पाहायचं नाही. मास्तर कधी खरं काडतूस भरतात, कधी रिकामं. शिकणारा श्वास रोखतो, चाप ओढतो, नुसतं ‘खट्ट’ वाजतं, आणि सगळ्यांच्या देखत नळीचं तोंड दोन बोटं खाली जातं, खांदा पुढे येतो, डोळे मिटतात. बार झालेलाच नाही, पण अंग आधीच चोरलेलं असतं. खरा बार असता तर धक्क्याच्या गडबडीत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा आठ-दहा इंचांची. शंभर यार्डांवर अशा दचकण्याने गोळी पोटात किंवा पायात लागते आणि जखमी जनावर रात्रभर रानात भटकतं. मोठ्या काडतुसाचा जास्तीचा जोर अशा वेळी काहीही भरून काढत नाही.

मवाळ रायफलीची बाजू घेणारे मधूनमधून निघत राहिले. १९१५ मध्ये सॅव्हेज कंपनीने चार्ल्स न्यूटन यांच्या आखणीवरून .२५०-३००० आणलं. न्यूटन यांना त्यात १०० ग्रेनची गोळी हवी होती. कंपनीने ८७ ग्रेनची घातली, कारण मग सेकंदाला ३००० फुटांचा वेग जाहिरातीत छापता येत होता. शिकारीपेक्षा आकडा मोठा ठरण्याची ही काही शेवटची वेळ नव्हती. १९३४ मध्ये रेमिंग्टनने नेड रॉबर्ट्स यांचं काडतूस .२५७ रॉबर्ट्स या नावाने काढलं. माउझरच्या ७×५७ चीच मान आवळून ते बनवलेलं होतं. ‘आउटडोअर लाइफ’ मासिकातून .२७० विंचेस्टरची तरफदारी करणारे जॅक ओकॉनर विरुद्ध जाड, जड गोळीचे कैवारी एल्मर कीथ हा वाद वाचकांनी वर्षानुवर्षं चवीने वाचला. त्याच ओकॉनरांच्या पत्नी एलिनॉर मात्र ७×५७ घेऊन शांतपणे शिकार करत होत्या.

पारडं फिरलं ते १९५५ मध्ये. त्या एका वर्षात एकाच व्यासाच्या गोळीची दोन काडतुसं आली: विंचेस्टरचं .२४३ आणि रेमिंग्टनचं .२४४. दारूच्या जोरात रेमिंग्टनचं किंचित सरसच होतं. हरलं ते नळीतल्या पिळावर. नळीतल्या खाचा गोळीला गरगरा फिरवतात म्हणून ती सरळ जाते, आणि गोळी जितकी लांब तितका पीळ घट्ट लागतो. रेमिंग्टनला वाटलं, गिऱ्हाईक हे काडतूस कोल्हे आणि मार्मोट मारायला घेईल. म्हणून त्यांनी १२ इंचांत एक फेरा असा सैल पीळ ठेवला आणि ९० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या दिल्या. विंचेस्टरने १० इंचांत एक फेरा ठेवून १०० ग्रेनची गोळी दिली. लोकांना एकच रायफल दोन्ही कामांना हवी होती. हरणासाठी शंभर ग्रेन हा आकडा त्यांच्या मनात बसला आणि .२४३ जिंकलं. रेमिंग्टनने १९६३ मध्ये पीळ घट्ट करून, ‘६ मिलिमीटर रेमिंग्टन’ असं नवं नाव देऊन तेच काडतूस परत आणलं, पण गाडी सुटली होती. त्याच वर्षी इंग्लंड-वेल्सच्या हरीणविषयक कायद्याने ०.२४० इंच व्यास आणि १७०० फूट-पौंड ऊर्जा ही किमान मर्यादा घातली. .२४३ तिच्या जेमतेम पलीकडे होतं, त्यामुळे इंग्लंडमध्येही त्याचं बस्तान बसलं.

तरीही पुढची तीस-चाळीस वर्षं जोराचीच होती. ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम १९६२ चं, .३०० विंचेस्टर मॅग्नम १९६३ चं. एल्कसारख्या मोठ्या हरणासाठी, लांबच्या टप्प्यासाठी ती रास्तच. पण ऐंशी यार्डांवरच्या सत्तर किलोच्या हरणासाठी ती घेणारे मोजता येणार नाहीत इतके निघाले. .२४३ वर टीका झाली ती सगळीच खोटी नव्हती. जुन्या धाटणीची हलकी गोळी वेगात हाडावर आदळली की फुटून विखरे आणि खोल जात नसे. हा दोष धक्क्याचा नव्हता, गोळीचा होता, आणि तो गोळीनेच निवारला. जॉन नॉस्लर यांनी एका मूसने गोळी पचवल्याचा अनुभव घेतल्यावर मधे भिंत असलेली ‘पार्टिशन’ गोळी बनवली आणि १९४८ मध्ये ती विकायला काढली. पुढचं टोक फुललं तरी मागचा भाग अखंड राहून आत जाई. १९८९ मध्ये बार्न्सची अख्खी तांब्याची ‘एक्स’ गोळी आली. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केल्यावर तांबं तिथे सक्तीचंच झालं. जे काम पूर्वी १५० ग्रेनकडून करून घ्यावं लागे ते आता ८०-१०० ग्रेनची चांगली गोळी करू लागली.

रेमिंग्टनचं ७ मिलिमीटर-०८ हे १९८० मधलं आणि .२६० हे १९९७ मधलं. दोन्ही मवाळ, दोन्ही गुणी. .२६० म्हणजे तर गुणांनी स्वीडिश ६.५ चाच नवा अवतार. पण लांब गोळीला लागणारी घट्ट पिळाची नळी आणि तयार काडतुसं यांची सांगड काही नीट जमली नाही. ती २००७ मध्ये हॉर्नडीच्या ६.५ क्रीडमूरने जमवली. जन्म नेमबाजीच्या स्पर्धांसाठी, नावही लाँग आयलंडवरच्या जुन्या मैदानाचं. आठ इंचांत एक फेरा हा पीळ, लांब गोळीला जागा ठेवणारी मोजमापं, डब्यात तयार मिळणारी अचूक काडतुसं आणि सोबतीला स्वस्तातल्या रायफली. धक्का .३०-०६ च्या जवळपास दोन तृतीयांश. नवं त्यात फार थोडं होतं. १८९४ ची युक्ती पहिल्यांदाच एकसंध विकली गेली इतकंच.

कायद्यानेही खांद्याची बाजू घेतली, पण उशिरा. ओहायो, इंडियाना, दक्षिण मिशिगन अशा सपाट, दाट वस्तीच्या शेतीप्रदेशात लांब जाणाऱ्या रायफलींना हरणांसाठी बंदी होती. त्यामुळे शाळकरी पोरांनाही बारा बोअरच्या शॉटगनमधून एक औंसाची गोळी झाडावी लागे, आणि तिचा धक्का थेट मॅग्नमच्या पंक्तीतला. सरळ भिंतीच्या, म्हणजे मान न आवळलेल्या काडतुसांना परवानगी मिळाल्यावर २०१९ मध्ये विंचेस्टरने खास या प्रदेशांसाठी .३५० लेजेंड काढलं. पल्ला कमी आणि धक्काही कमी.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हा विषय संपला, आणि ते योग्यच झालं. पण आपलं चितळ टेक्ससमध्ये १९३२ पासून नेऊन सोडलं गेलं आणि तिथे इतकं वाढलं की आज त्याची शिकार वर्षभर चालते. तिथेही अनेकांच्या हातात .२४३ आणि ६.५ याच जातीच्या रायफली दिसतात.

बाजार काही स्वस्थ बसलेला नाही. २०२२ चं ७ मिलिमीटर पीआरसी पाहता लंबक पुन्हा जोराकडे निघालाय. पण अडीचशे यार्डांच्या आतल्या हरणापुरता हिशेब बदललेला नाही. अंगाने लहान असलेल्याला .२४३, त्यात न फुटणारी गोळी, आणि हरीण तिरकं उभं असेल तर चाप न ओढण्याचा संयम. थोडी चूक पदरात घेणारं हवं तर ६.५ क्रीडमूर किंवा ७ मिलिमीटर-०८. दुर्बिणीसकट वजन साडेसात-आठ पौंड, आणि दस्त्याची लांबी चालवणाऱ्याच्या हाताच्या मापाची. धक्का कमी करायला नळीच्या तोंडावर ब्रेक बसवायचा मोह टाळावा. त्याने आवाज कानठळ्या बसवणारा होतो, आणि माणूस आवाजालाही तितकाच दचकतो. जिथे कायदा परवानगी देतो तिथे ध्वनिशामक त्याहून बरा. उरलेले पैसे काडतुसांवर घालावेत. सोसणाऱ्या रायफलीचा खरा फायदा हंगामात दिसत नाही, तो उन्हाळ्यात दिसतो. जी बंदूक दुखवत नाही तीच माणूस परत परत उचलून सरावाला नेतो.