शिंपल्यांनाही विचारा

दापोडीला पवना मुळेला मिळते. तिथवर येताना तिने चिंचवड, पिंपरी, कासारवाडीचं सांडपाणी पोटात घेतलेलं असतं. या पट्ट्यात सुट्या भागांवर निकेल, क्रोम, जस्ताचा मुलामा चढवणारे छोटे कारखाने पुष्कळ. त्यांचं पाणी प्रक्रियेविना नाल्यात गेलं, की धातू नदीत उतरतात. रात्री सोडलेलं असं पाणी सकाळी भरलेल्या बाटलीत सापडत नाही. शिंपल्याच्या अंगात मात्र त्याचा माग उरतो.

आपल्या नद्यांच्या गाळात रुतून राहणारा लॅमेलिडेन्स जातीचा शिंपला कल्ल्यांवरून पाणी खेळवतो आणि त्यातले शेवाळाचे कण गाळून खातो. त्यांच्यासोबत धातूही आत शिरतात. ते मोकळे राहिले तर पेशीतल्या एन्झाइमांना चिकटून त्यांचं काम बंद पाडतील. म्हणून पेशी मेटॅलोथायोनिन हे छोटं प्रथिन बनवते. त्यात सिस्टीन हे गंधक असलेलं अमिनो आम्ल भरपूर असतं आणि कॅडमियम, पारा, तांबं गंधकाला घट्ट धरून बसतात. धातू वाढले की पेशी हे प्रथिनही वाढवते. १९५७ साली ते पहिल्यांदा सापडलं घोड्याच्या मूत्रपिंडात. आपल्या शरीरातही ते असतं. शिंपल्याची आणखी एक सोय म्हणजे ऊतींमधले कॅल्शियम फॉस्फेटचे सूक्ष्म खडे. मँगेनीजसारखे धातू त्यांत कोंडले जातात. शिंपला तगतो, साठा वाढत राहतो. कॅडमियम तर पाण्यातल्या प्रमाणाच्या हजारो पट साठू शकतं.

शिंपल्यांकडून समुद्राची तपासणी करून घ्यावी, ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ मध्ये मांडली. पुढे तिथे ती सरकारी मोहीम झाली. जस्त आणि तांबं शिंपल्यालाही लागतं, त्यांचं प्रमाण तो बऱ्याच अंशी सांभाळतो. कॅडमियम आणि शिशाबाबत त्याची साक्ष अधिक भरवशाची.

नदीतले शिंपले खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: रात्रभर पाण्यात ठेवल्याने रेती निघते, उकळल्याने जंतू मरतात, धातू मात्र जात नाहीत. दापोडीच्या आसपासचे शिंपले खाऊ नयेत.

आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एवढं करावं: स्वच्छ पाण्यातले एकाच आकाराचे शिंपले जाळीच्या पेट्यांत घालून संगमाच्या वर आणि खाली काही आठवडे ठेवावेत, त्यांच्यातले धातू मोजावेत आणि आकडे लोकांसमोर मांडावेत.